डेक्कन ट्रॅप: सापळा नव्हे, पायरी

यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत 'ट्रॅप' म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या पतंगांसाठी कपाशीत लावलेला कामगंध सापळा. दुसरी, लाच घेताना रंगेहाथ सापडलेला बाबू. त्यामुळे विहिरीच्या सर्वेक्षणाच्या कागदावर 'डेक्कन ट्रॅप' असं वाचून 'पाणी कशात अडकलं बा?' असं कोणी विचारलं, तर त्यात त्याचा दोष नाही.

हा ट्रॅप स्वीडनमधून आला. तिकडे 'ट्रापा' म्हणजे जिना. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या काळ्या खडकाला तिथल्या अभ्यासकांनी अठराव्या शतकात हे नाव दिलं, पुढे ते इंग्रजीत रुळलं आणि विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३३ साली दख्खनच्या खडकाला लावलं. आपण ज्याची गिट्टी फोडतो तोच हा काळा दगड, बेसाल्ट.

पायऱ्या पडायचं कारण साधं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच नाही, थरावर थर असा वाहिला. थराचा मधला भाग घट्ट. तो कडा होऊन उभा राहतो. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. तो लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि उतार पडतो. चिखलदऱ्याला गाविलगडचे डोंगर बघा, कड्याखाली उतार आणि उताराखाली पुन्हा कडा. खरं तर नदीच्या पायऱ्या आणि डोंगराचा चढ, दोन्हींना 'घाट' म्हणणाऱ्या मराठीला स्वीडनची उसनवारी करायची गरजच नव्हती. बुलढाण्यात तर अख्खा जिल्हा 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असा वाटलेला.

विदर्भाचं मोल मात्र पायऱ्यांपेक्षा त्यांच्या मधल्या फटींत जास्त आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला, त्यात गोगलगायी राहिल्या, झाडं पडली आणि वरून पुन्हा लाव्हा आला. या थरांना 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. आता इथे सापळ्याचा अर्थ चुकूनच लागू पडतो, ही गंमत वेगळी. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी गोळा केले आणि १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात मांडले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

त्याच सर्वेक्षणाच्या कागदावर कधी 'रेड बोल' असतं. हाही बोल लावण्यातला बोल नव्हे. ग्रीकमध्ये 'बोलोस' म्हणजे ढेकूळ. दोन थरांमध्ये सापडून भाजलेली ही लाल माती ओली झाली की ढासळते. विहिरीत ती लागली, तर तेवढा पट्टा आतून बांधून घ्यावा लागतो.