लिस्बन मेट्रो

पोर्तुगालच्या राजधानीतली भुयारी रेल्वे. २९ डिसेंबर १९५९ ला सुरू झाली, म्हणजे गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. पोर्तुगीज बोलणाऱ्या जगातली ही पहिली मेट्रो, ब्राझीलच्या साओ पावलोची आली थेट १९७४ ला.

सुरुवात कधीपासून मोजायची हा मात्र घोळ आहे. लिमा ई कुन्या नावाच्या लष्करी इंजिनिअरने बहुधा १८८८ मध्ये शहराखालून रेल्वे नेण्याचा आराखडा मांडला, म्हणून तिथून मोजायचा मोह होतो, मग १९२३-२४ च्या सुमारास आणखी दोन प्लॅन आले आणि तेही कागदावरच राहिले. पण नुसत्या आराखड्याला सुरुवात म्हणायचं तर कुठल्याही शहराची मेट्रो वाटेल तेवढी जुनी करता येईल, त्यापेक्षा २६ जानेवारी १९४८ ला कंपनी स्थापन झाली ती तारीख धरलेली बरी. खोदकाम लागलं ऑगस्ट १९५५ मध्ये.

पहिला मार्ग इंग्रजी वाय अक्षरासारखा, साधारण साडेसहा किलोमीटर आणि ११ स्टेशनं. प्लॅटफॉर्म फक्त ४० मीटरचे, दोन डब्यांपुरते. स्टेशनांची रचना आर्किटेक्ट कैल दु आमाराल यांची आणि भिंतींवरच्या बहुतेक अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्स, त्यांच्या पत्नी मारिया कैल यांच्या. अझुलेजो म्हटलं की आपल्याला पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली निळी-पांढरी चित्रं आठवतात, पण इथे माणसं नाहीत, जहाजं नाहीत, नुसते त्रिकोण-चौकोन आणि रंग. पुढे गाड्या लांबल्या, सहा डब्यांसाठी प्लॅटफॉर्म १०५ मीटरचे केले आणि त्यात यातल्या बऱ्याच टाइल्स गेल्या, हे नुकसान भरून येण्यासारखं नाही.

सगळ्यात नडलं ते तेरैरू दु पासू हे स्टेशन. तेजू नदीकाठची ही जमीन गाळाची, भुसभुशीत, पाणी वरच लागतं. जून २००० मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल घुसला, काम अडलं आणि स्टेशन उघडायला डिसेंबर २००७ उजाडला.

१९७५ ला राष्ट्रीयीकरण झालं. लाल लाइन १९९८ च्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी आली, एअरपोर्टला २०१२ मध्ये पोचली. २०१६ पर्यंत एकूण चार लाइन आणि ५६ स्टेशनं झाली. निळीची खूण समुद्रपक्षी, पिवळीची सूर्यफूल, हिरवीची शिडाचं जहाज, लालची होकायंत्र.