फुलर, वॉकर, टकर: एका धंद्याची तीन आडनावं

मुलतानी मातीच्या पाकिटावर इंग्रजीत अनेकदा ‘फुलर्स अर्थ’ असं छापलेलं असतं. हा फुलर कुणी शास्त्रज्ञ नव्हे. लोकरीचं कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर म्हणजे फुलर. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या कामाला तीन नावं होती आणि तिन्ही पुढे आडनावं झाली: फुलर, वॉकर आणि टकर.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तसंच अंगावर घालण्याजोगं नसे. वीण विरळ, त्यात मेंढीच्या अंगची चरबी आणि कातण्यापूर्वी लोकरीला चोळलेलं तेल. ते कुंडात टाकायचं आणि उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवायचं. कुंडात पाण्याबरोबर बऱ्याचदा शिळं मूत्र असे. मूत्र साठवून ठेवलं की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. हा अमोनिया अल्कलीधर्मी असल्यामुळे तेलकटपणा सुटा होतो. राहिलेला चिकटा माती शोषून घेई. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे या मातीत असतात, त्यामुळे चिमूटभर मातीलाही शोषायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. मळ काढायला मूत्र आणि माती वापरणाऱ्या या माणसांना रसायनशास्त्राचा गंधही नव्हता, पण त्यांची पद्धत अचूक होती.

तुडवण्याचं खरं काम मात्र वेगळंच. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, सगळे एकाच दिशेला झुकलेले. ओलावा, ऊब आणि सततचा दाब मिळाला की तंतू एका दिशेने सरकत जातात, खवले एकमेकांत अडकतात आणि मग मागे फिरता येत नाही. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकलेला लोकरी स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तो याचमुळे. कुंडातलं कापडही असंच आटे, पण दाट आणि ऊबदार होई. नंतर ते लाकडी चौकटीवर आकड्यांना अडकवून, ताणून वाळवत.

आता नावांकडे. फुलर हा शब्द मुळात लॅटिन ‘फुल्लो’वरून आलेला, तो आग्नेय इंग्लंडात रुळला. उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये म्हणत वॉकर. त्याच्या मुळाशी आहे जुन्या इंग्रजीतलं ‘वेआल्कान’ हे क्रियापद, अर्थ लोळवणं, घोळवणं. नैऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटमध्ये टकर. त्यामागचं ‘टुकियान’ म्हणजे छळणं! कापडाचे हाल पाहून सुचलेलं हे नाव मला तिघांत सर्वांत जिवंत वाटतं. एक्सेटर शहरात विणकर आणि फुलरांच्या संघाची १५ व्या शतकातली वास्तू आजही उभी आहे. तिचं नावच ‘टकर्स हॉल’.

इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरागत होऊ लागली ती साधारण १२ व्या ते १४ व्या शतकांत, आणि नेमक्या त्याच काळात हे काम पायांकडून यंत्राकडे जाऊ लागलं होतं. पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कापड कुटणाऱ्या गिरण्यांची नोंद ११८५ सालच्या एका इंग्रजी दस्तऐवजात सापडते. वेल्समध्ये अशा गिरणीला ‘पांडी’ म्हणतात आणि टोनीपांडी या गावाच्या नावात ती अजून शिल्लक आहे. पाय थांबले, नावं मात्र पोरा-नातवंडांना चिकटली.

विणकामाच्या बाजूला वेबस्टर हे आडनाव आहे, भट्टीच्या बाजूला बॅक्स्टर. जुन्या इंग्रजीत ‘-स्टर’ हा प्रत्यय मुख्यतः बायकांच्या कामाला लागे, म्हणजे हे शब्द आधी विणकरणीचे आणि पाव भाजणारीचे. पुढे ते पुरुषांनाही सरसकट लागले. सूत कातणारी ती स्पिन्स्टर, आणि १७ व्या शतकापासून कायद्याच्या कागदांत त्याचाच अर्थ अविवाहित स्त्री असा झाला.

कापड तुडवणाऱ्यांची माणसं फार लांब पांगली नाहीत. १८८१ च्या जनगणनेतली आडनावं नकाशावर मांडली, तर वॉकर उत्तरेला, फुलर आग्नेयेला आणि टकर नैऋत्येला दाटलेले दिसतात, पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलींच्या सीमा धरून.