बुडणं वेगळं, निर्वातात सापडणं वेगळं

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं वठवायचा खेळ. अंतराळातल्या अशा खेळात एअरलॉकचं, म्हणजे यानाबाहेर पडायच्या हवाबंद कोठडीचं, दार अचानक उघडलं, की बहुतेक गेम मास्टर (खेळ चालवणारे) बुडण्याचाच नियम लावतात: ‘श्वास रोखलास ना? मग २ मिनिटं चालेल.’ गफलत इथेच होते.

ठाण्याच्या मासुंदा तलावात कुणी बुडी मारली, तर त्याच्या फुप्फुसांत हवा असते. रक्त तिच्यातला ऑक्सिजन हळूहळू उचलत राहतं, म्हणून मिनिटभर तरी निभावतं. निर्वातात नेमकं उलटं. फुप्फुसं रिकामी झाली की रक्तच आपला ऑक्सिजन त्यांत सोडून देतं आणि तसंच मेंदूकडे जातं. शुद्ध उरते जेमतेम ९ ते १५ सेकंद. १९६६ साली ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक यांच्या स्पेससूटची नळी निसटली आणि साधारण १४ सेकंदांत ते कोसळले. जिभेवरची लाळ उकळतेय, ही त्यांची शेवटची आठवण. कक्षात हवा परत सोडल्यावर ते शुद्धीवर आले.

पाण्यात श्वास रोखल्याने जीव वाचतो, इथे तोच जिवावर उठतो. बाहेर दाबच नसतो, त्यामुळे कोंडलेली हवा फुगते, फुप्फुसं फाटतात, बुडबुडे रक्तात शिरतात. म्हणून दार उघडतानाच खेळाडूला विचारा: तोंड उघडं ठेवून श्वास सोडतोयस का? ‘नाही’ म्हणाला, तर पहिल्याच पाळीत फुप्फुसांना इजा द्या, आणि ती साध्या प्रथमोपचाराने भरून येऊ देऊ नका.

एक पाळी ६ सेकंदांची धरा. पहिलीत पात्राला सगळं करता येतं. दुसरीत प्रत्येक फाशावर वजावट. तिसरीच्या सुरुवातीला शुद्धीसाठी फासा टाकायचा. टिकलं तर एखादी छोटी कृती, मग बेशुद्ध.

बेशुद्ध म्हणजे मेलं नव्हे. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ९० सेकंदांच्या आत दाब परत मिळालेले बहुतेक वाचले. म्हणजे साथीदारांच्या हातात एकूण १५ पाळ्या. एअरलॉक हवेने भरायला लागणाऱ्या पाळ्याही त्यातच मोजा. टेबलावरची खरी घालमेल तिथेच असते.

शरीर सुजतं, पण कातडी धरून ठेवते, स्फोट होत नाही. थंडीची इजा या दीड मिनिटात लावूच नका, कारण अंगाची ऊब ओढून न्यायला भोवती काहीच नसतं. ती भराभर ओढतं ते गार पाणी, तेव्हा तो नियम बुडणाऱ्यासाठी राखून ठेवा.