क्लच पेडल चिकटणे (द्रवचलित क्लच)

द्रवचलित क्लच असलेल्या मोटारीत पाय उचलल्यावरही क्लचचे पेडल तळाशी राहणे, अर्ध्यावर थांबणे किंवा रेंगाळत वर येणे, असा हा बिघाड. मारुती ८०० सारख्या गाड्यांतील केबलच्या क्लचमध्येही पेडल अडते; मात्र तेथे दोष बहुधा गंजलेल्या वा तुटत आलेल्या केबलचा असतो. प्रस्तुत नोंद द्रवचलित प्रकारापुरती आहे.

रचना : पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. नळी व रबरी होज यांतून तो दाब स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोचतो आणि त्याचा दट्ट्या फोर्कच्या (दुबेळकी तरफेच्या) साहाय्याने क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग सरकवतो. बडोद्याच्या गॅरेजांत या दोन सिलिंडरांना अनुक्रमे ‘अप्पर’ आणि ‘लोअर’ म्हणतात. पेडल वर आणणारे बळ मुख्यतः क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगचे (बोटांसारखे काप असलेल्या तबकडीवजा स्प्रिंगचे) असते आणि ते याच द्रवातून उलट येते. ऑइलमध्ये हवा वा वाफ शिरली की पेडलला खालून रेटा मिळत नाही. शिवाय पाय हलका पडावा म्हणून अनेक गाड्यांत पेडलला एक साहाय्यक स्प्रिंग असते. ठरावीक बिंदूच्या खाली गेल्यावर ती पेडल खालीच ओढते. रेटा कमी पडला की पेडल तळाशी धरून ठेवणारी हीच स्प्रिंग.

मोटारीत द्रवदाब आधी ब्रेकसाठी आला. माल्कम लॉकहीड यांचे पेटंट सामान्यतः १९१७ चे मानतात, आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. क्लचसाठी ही पद्धत साधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली.

तापल्यावर चिकटण्याचे कारण : सकाळी ठीक चालणारे पेडल बडोद्याच्या जांबुवा पुलाजवळच्या वाहतूक कोंडीत, किंवा पावागडाच्या डोंगरावर माचीपर्यंतच्या चढात अर्धा तास क्लच वापरल्यावर तळाशी बसते आणि गाडी निवल्यावर आपोआप सुधारते. याच्या कारणाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार दोष वाफेचा. डॉट ३ व डॉट ४ या श्रेणींची, ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइले हवेतील ओलावा शोषतात. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४०° से. पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३०° व १५५° से. आहेत. गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरला क्लचची सारी धग लागते आणि तेथील जुने ऑइल उकळू शकते. दुसरे मत डायफ्रामकडे बोट दाखवते : इंजिनाचे फेरे फार वाढले की केंद्रोत्सारी बलामुळे डायफ्रामच्या बोटांचा परतीचा रेटा घटतो. तिसऱ्या मतात मुख्य गुन्हेगार क्लचच्या प्लेटची धूळ; ती सिलिंडरच्या रबरी सिलांपाशी साचते व ऑइल काळे करते. शर्यतीच्या वा फार ताकदवान गाड्यांबाबत दुसरे मत सयुक्तिक वाटते. परंतु शहरातील गाडीचे इंजिन कोंडीत जेमतेम फिरत असते, आणि केवळ ऑइल बदलून हवा काढल्यावर पेडल सुधारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यांचा उलगडा पहिल्या मतानेच नीट होतो. तिसऱ्याने काही अंशी.

पुरानंतरचे बिघाड : पावागडावर उगम पावणारी विश्वामित्री बडोद्याच्या मध्यातून वाहते. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोअर सिलिंडरचे रबरी बूट मागे सारून पाहावे. आत मातकट थर आणि सिलिंडरच्या भिंतीवर, दट्ट्या जेथे थांबलेला होता तेथे, गंजाची तांबूस कडा आढळते. पेडल सुरुवातीला चालते, पण प्रत्येक दाबाला सील त्या कडेवर घासते. काही आठवड्यांनी बूट ओले होते आणि पेडल बसते. पाणी बॉनेटपर्यंत चढले असल्यास ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाच्या भोकातूनही आत जाते. म्हणून ऑइल स्वच्छ दिसले तरी पुरातून निघालेल्या गाडीचे ते बदलावेच. क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) धरणे हा मात्र वेगळा बिघाड होय : त्यात पेडल नीट खालीवर होते, पण गिअर पडत नाही. दोहोंची गल्लत झाल्याने चांगले सिलिंडर फुकट बदलले जातात.

निदान : प्रथम पायाखालची मॅट पाहावी. मग टाकीतील पातळी. अनेक गाड्यांत क्लच व ब्रेकची टाकी एकच असते आणि क्लचची नळी वरच्या बाजूला जोडलेली असते. पातळी उतरली की क्लच आधी जातो. अशा वेळी गळती ब्रेकच्या बाजूची असू शकते, तेव्हा नुसते ऑइल भरून गाडी रस्त्यावर काढू नये.

तळाशी बसलेले पेडल पायाच्या बोटाने वर उचलावे. सैल वर आले आणि चार-सहा वेळा पंप केल्यावर जोर धरला, तर हवा किंवा थकलेली सिले. अडखळत, करकरत आले, तर पुशरॉड (पेडल व अप्पर जोडणारा दांडा) सोडवून पेडल एकटे हलवून पाहावे. तरीही जड असल्यास दोष पेडल ज्यावर फिरते त्या बुशचा. सिग्नलला दाबून धरलेला क्लच हळूहळू सुटून गाडी पुढे सरकू लागली आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर अप्परचे सील आतून दाब सोडत आहे. पेडल वर येऊनही फोर्क मागे येत नसेल, तर लोअरचा निपल (हवा काढण्याचा स्क्रू) किंचित सैल करावा. ऑइल उडून फोर्क लगेच मागे आला, तर अडथळा लोअरच्या वर आहे : आतून फुगलेला होज, किंवा पुशरॉडला मोकळीक नसल्याने बंद राहिलेले अप्परचे परतीचे छिद्र. होज बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून तो सहसा शेवटी बदलला जातो; जुन्या गाडीत तो आधीच बदलावा, हे अधिक शहाणपणाचे. काही गाड्यांत झटका टाळण्यासाठी नळीत मुद्दाम अरुंद व्हॉल्व्ह बसवतात. तेथे क्लच थोडा सावकाश धरणे हा दोष नव्हे.

दुरुस्ती : हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, आणि निपल बंद झाल्यावरच पेडल हाताने वर घ्यायचे. टाकी रिकामी होऊ देऊ नये. इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही टाकू नये; त्याने सिले फुगतात आणि क्लचच्या सिलांपाठोपाठ, सामाईक टाकीमुळे, ब्रेकचीही जातात. सिलिकोनचे डॉट ५ ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळत नाही. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. सिलिंडरला खड्डे पडले असल्यास नुसते सिलांचे किट टाकून भागत नाही, संपूर्ण सिलिंडर बदलावा लागतो. लोअर गिअरबॉक्सच्या आत असेल तर गिअरबॉक्स उतरवणे अटळ असते, आणि प्लेटही झिजत आलेली असल्यास ती त्याच वेळी बदलतात.