दिल्ली १९५१: पहिल्या एशियन गेम्सची पार्श्वभूमी

२०३० ची कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला मिळाल्यापासून चर्चा सगळी स्टेडियम, मेट्रो, हॉटेलं आणि बजेटचीच चाललीय. दिल्ली म्हटलं की लोकांना १९८२ चं एशियाड आठवतं, अप्पू हत्ती आणि रंगीत टीव्ही, नाहीतर मग २०१०. पण आपण पहिल्यांदा यजमान झालो ते १९५१ ला आणि ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

याच्या मागे होते गुरुदत्त सोंधी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातले माणूस, ऑलिम्पिक समितीचे सदस्य. १९३४ लाच त्यांनी दिल्ली आणि पतियाळात वेस्टर्न एशियाटिक गेम्स भरवल्या होत्या, पण देश मोजकेच आले आणि पुढे महायुद्ध लागल्यावर ते सगळं तिथंच थांबलं. तिकडे पूर्वेला फिलिपिन्स, चीन, जपान यांची फार ईस्टर्न गेम्स १९१३ पासून चालायची, तीपण १९३४ नंतर बंद पडली. सोंधींच्या डोक्यात मात्र अख्ख्या आशियाची एकच स्पर्धा होती. १९४७ ला दिल्लीत एशियन रिलेशन्स कॉन्फरन्स झाली, नेहरूंचाही या कल्पनेला पाठिंबा होता, मग १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला आलेल्या आशियाई पथकांच्या प्रमुखांना सोंधींनी एकत्र बसवलं आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाऊसमध्ये एशियन गेम्स फेडरेशन उभं राहिलं. अध्यक्ष पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग.

पहिली स्पर्धा १९५० ला व्हायची होती, तयारी झाली नाही म्हणून एक वर्ष पुढे गेली. आणि होणार तरी कशी, फाळणीला तीन वर्षंही झाली नव्हती, निर्वासितांना घरं द्यायची की खेळाडूंसाठी ट्रॅक करायचा अशी परिस्थिती. शेवटी आयोजनाची सूत्रं अँथनी डिमेलोंनी हातात घेतली, हे तेच डिमेलो ज्यांनी क्रिकेट बोर्ड आणि मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम उभं करण्यात मोठा वाटा उचलला होता. नवीन स्टेडियम बांधलंच नाही, १९३३ चं आयर्विन अँफीथिएटर होतं तेच नीट करून नॅशनल स्टेडियम म्हणून वापरलं आणि खेळाडूंना लष्कराच्या बराकीत उतरवलं.

४ ते ११ मार्च, ११ देश, ४८९ खेळाडू. चीन आणि पाकिस्तान आले नाहीत. पण जपान आला, आणि माझ्या मते या स्पर्धेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. १९४८ च्या ऑलिम्पिकला जपानला बोलावलंच नव्हतं, १९५१ च्या मार्चमध्ये तर शांतता करारसुद्धा झालेला नव्हता, आणि ज्यांनी युद्धात जपानी फौजा आपल्या रस्त्यांवर बघितल्या ते ब्रह्मदेश, फिलिपिन्स, सिंगापूर, इंडोनेशिया तिथंच एका मैदानावर. जपान २४ सुवर्णपदकं घेऊन पहिला, आपण १५ घेऊन दुसरे.

आपलं पहिलं सुवर्ण सचिन नाग यांचं, १०० मीटर फ्रीस्टाइल. १९४७ च्या दंगलीत कोलकात्यात पायाला गोळी लागलेला हा माणूस, आणि ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० ला, मरणोत्तर. मुंबईच्या लेव्ही पिंटोंनी १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकल्या. वांद्र्याच्या मेरी डिसूझांनी २०० मीटरला ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर मिळवलं, बायकांना तेव्हा फक्त अॅथलेटिक्समध्येच भाग घेता येत होता. फुटबॉलमध्ये सय्यद अब्दुल रहीम यांच्या टीमने फायनलला इराणला १-० हरवलं, गोल मेवालालचा. हॉकी मात्र नव्हतीच, ती एशियन गेम्समध्ये आली १९५८ ला.

सगळ्यांना बोलवायचं हा सोंधींचा आग्रह पुढे त्यांच्याच अंगावर आला. १९६२ ला जकार्तात इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, तेव्हा सोंधींनी जाहीर विरोध केला, मग या स्पर्धेला एशियन गेम्स म्हणायचं की नाही इथपर्यंत वाद गेला. जमावाने भारताच्या दूतावासावर हल्ला केला आणि सोंधींना जकार्ता सोडावं लागलं. राग सगळा आपल्या खेळाडूंवर निघाला, आपली टीम मैदानात आली की स्टेडियमभर हुर्यो. त्याच प्रेक्षकांसमोर ४ सप्टेंबरला फुटबॉलची फायनल झाली, कोच परत रहीमच, आणि पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंगच्या गोलवर आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. एशियन गेम्समधलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याला आजपर्यंत मिळालेलं नाही.