तीन चेंडू, दोन हात

तीन चेंडू हवेत खेळवायला शिकताना पलंगासमोर उभे राहावे, म्हणजे निसटलेला चेंडू फार खाली जात नाही आणि दर वेळी वाकावे लागत नाही. नेरूळच्या आमच्या घरात मी गेल्या पावसाळ्यात हे शिकायला सुरुवात केली, तेव्हा माझे चेंडू खरे चेंडू नव्हते. जुन्या सुती कापडाच्या, मुठीत मावतील अशा तीन पिशव्या शिवून त्यांत मी नाचणी भरली होती, कारण रबरी चेंडू पडला की उसळून कपाटाखाली जातो आणि नाचणीची पिशवी पडते तिथेच राहते. सर्कशीत पाहिलेल्या या कसरतीला सगळे ‘जगलिंग’ म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

पहिल्याच आठवड्यात घरी आलेल्या आत्याने विचारले, “याचा उपयोग काय?” पुढे ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकाठी सराव करताना एका निवृत्त गृहस्थांनी अतिशय आस्थेने चौकशी केली, “ताई, याची काही परीक्षा असते का? सर्टिफिकेट मिळतं?” मी दोघांनाही ‘उत्सुकता म्हणून शिकते आहे’ एवढेच सांगितले आणि दोघांचेही त्याने समाधान झाले नाही. त्यानंतर मी या विषयावरचे जे वाचले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. शिकण्याच्या क्रियेचा अभ्यास करणाऱ्यांनी जगलिंगसारखी कौशल्ये निवडली, ती नेमकी रोजच्या जगण्यात कोणाच्या उपयोगाची नव्हती म्हणूनच.

शिकताना मेंदूत काय बदलते हे पाहायचे असेल, तर ती गोष्ट मुळीच न येणारी माणसे हवीत, आणि गोष्टही अशी हवी की जी ती माणसे प्रयोगाबाहेर, रोजच्या कामात नकळत शिकत राहणार नाहीत. टंकलेखन, सायकल, स्वयंपाक यांपैकी काहीही घेतले तरी प्रत्येकाला ते थोडेफार येत असते आणि कोणाला आधीपासून किती येते याचा हिशेब लावणे अवघड जाते. जगलिंग मात्र बहुतेकांना शून्यापासून शिकावे लागते, त्यातली प्रगती सेकंदांत मोजता येते आणि सराव थांबवला म्हणून कोणाचे काही अडत नाही. १९०३ मध्येच एडगर जेम्स स्विफ्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका हाताने दोन चेंडू उडवत ठेवण्याचा सराव लोकांकडून करून घेऊन शिकण्याचे आलेख काढले होते आणि प्रगती रोज सारख्या पावलाने होत नाही हे त्यातून दाखवले होते.

शंभर वर्षांनी, २००४ मध्ये, जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठातल्या बोगदान द्रागान्स्की, आर्ने माय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा एमआरआय यंत्रापर्यंत नेला. जगलिंग न येणारे २४ जण त्यांनी घेतले आणि त्यांतल्या निम्म्यांना तीन महिने देऊन तीन चेंडू किमान ६० सेकंद न पाडता खेळवायला शिकवले. शिकण्याआधी, शिकल्यानंतर आणि मग तीन महिने सराव बंद ठेवल्यानंतर अशा तीन वेळा त्यांच्या मेंदूची चित्रे काढली. हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागात आणि डाव्या पार्श्विक खंडातील एका घळीच्या परिसरात करड्या द्रव्याचे, म्हणजे मुख्यतः चेतापेशी असलेल्या भागाचे, प्रमाण शिकल्यानंतर वाढलेले दिसले, आणि सराव सुटल्यावर ही वाढ पुन्हा ओसरत गेली. न शिकलेल्या गटात असा बदल आढळला नाही. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सहा आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूतील पांढऱ्या द्रव्यातही, म्हणजे एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या जाळ्यातही, बदल टिपला. तो कोण किती तरबेज झाले यावर अवलंबून नव्हता. उत्तम जमलेल्यांच्या आणि जेमतेम जमलेल्यांच्या मेंदूने त्या सहा आठवड्यांत सारखेच काम केले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या निष्कर्षांना त्यांच्या मापातच ठेवले पाहिजे. प्रयोगांतील माणसे थोडी होती, आणि एमआरआयच्या चित्रात पेशी मोजता येत नाहीत. वाढलेले दिसते ते नवे जोड आहेत, रक्तवाहिन्या आहेत की चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी आहेत, हे त्या चित्रावरून ठरत नाही. जगलिंग केल्याने बुद्धी तल्लख होते, असाही याचा अर्थ नाही. जगलिंग शिकणारा मेंदू जगलिंग शिकतो, एवढे हे प्रयोग सांगतात.

निरुपयोगी कौशल्याने विज्ञानाला दिलेले सर्वांत मोठे दान मात्र जगलिंगचे नाही, आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे आहे. १९५३ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत एका तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग काढला गेला आणि तेव्हापासून नव्या घटना त्याच्या स्मरणात टिकेनाशा झाल्या. एच. एम. या आद्याक्षरांनी तो विज्ञानात ओळखला गेला. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला कागदावरील चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितले, पण हात आणि कागद थेट दिसू न देता आरशातच दिसतील अशी योजना केली. तीन दिवसांत त्याच्या चुका भराभर कमी झाल्या, आणि दर वेळी तो हे काम आपण प्रथमच करत आहोत असे समजत होता. हाताचे शिकणे आणि घडलेले आठवणे यांची मेंदूत निरनिराळी व्यवस्था आहे, हे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने लख्ख दाखवले. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा कोणाला कधी काय उपयोग होणार होता?

माझे शिकणे तिसऱ्या पिशवीपाशी अडले. उजव्या हातातली पिशवी डावीकडे उडवायची, ती सर्वोच्च बिंदूवर पोहोचताच डाव्या हातातली तिच्या खालून उजवीकडे उडवायची आणि हेच चालू ठेवायचे, एवढाच नियम आहे. पण घाई झाली की डावा हात पिशवी उडवत नाही, सरळ उजव्या हातात सरकवून देतो. मला नियम तोंडपाठ होता आणि हाताला तो ठाऊक नव्हता. दोन आठवडे हे असेच चालले. मग एके दिवशी सत्तरीतली माझी आई, जिचे बालपण रोह्याजवळच्या खेड्यात गेले, माझ्याकडे काही वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हाताकडे कशाला बघतेस? वर बघ. हाताला कळतं.” ती लहानपणी सागरगोटे खेळलेली आहे. काटेरी वेलीच्या त्या राखाडी, टणक बियांपैकी एक वर उडवायची आणि ती खाली येईपर्यंत जमिनीवरच्या उचलून तिला झेलायचे, हा खेळ नजर वर ठेवल्याशिवाय जमतच नाही.

आईच्या सांगण्यामागे भौतिकशास्त्र आहे. वर फेकलेली वस्तू माथ्याजवळ सर्वांत मंद होते, इतकी की उड्डाणाच्या एकूण वेळापैकी निम्मा वेळ ती उंचीच्या वरच्या चतुर्थांशातच असते. डोळ्याला तिथे वेळ मिळतो, आणि ती तिथून कुठे पडणार हे ठरलेलेच असते. निष्णात माणसांना चेंडूच्या वाटेतला माथ्याजवळचा लहानसा तुकडा दिसला तरी झेल घेता येतो, असे प्रयोगांतही आढळले आहे. मी वर पाहू लागले आणि चार दिवसांत सहा झेल सलग जमले.

या उड्डाणांचे गणित क्लॉड शॅनन यांनी मांडले. १९४८ मध्ये माहितीच्या सिद्धान्ताचा पाया घालणारे, संगणकापासून मोबाइलपर्यंतच्या सगळ्या संदेशवहनाला आधार देणारे हे शास्त्रज्ञ बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या मार्गिकांतून एकचाकी सायकल चालवत चेंडू खेळवत असत, आणि पोलादी गोळ्या ड्रमवर आपटून खेळवणारे एक यंत्रही त्यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातून तयार केले होते. त्यांचे सूत्र शब्दांत सांगता येते: चेंडू हवेत असण्याचा वेळ अधिक हातात असण्याचा वेळ, या बेरजेला हातांच्या संख्येने गुणावे; हात रिकामा असण्याचा वेळ अधिक भरलेला असण्याचा वेळ, या बेरजेला चेंडूंच्या संख्येने गुणावे; दोन्ही गुणाकार समान येतात.

हे घरच्या उदाहरणावर लावून पाहू. समजा, माझी पिशवी ०.६ सेकंद हवेत आणि ०.३ सेकंद हातात असते. बेरीज ०.९, दोन हातांनी गुणून १.८. ती तीन पिशव्यांत वाटली तर हाताच्या एका फेरीला ०.६ सेकंद येतात, म्हणजे हात ०.३ सेकंद भरलेला आणि ०.३ सेकंद रिकामा. हवेत ०.६ सेकंद राहण्यासाठी पिशवी सुमारे ४४ सेंटिमीटर वर जावी लागते. आता हाताचा वेग तोच ठेवून पाच पिशव्या घ्यायच्या ठरवल्या, तर तेच सूत्र सांगते की प्रत्येक पिशवी १.२ सेकंद हवेत हवी. वेळ दुप्पट झाला की उंची चौपट होते, म्हणजे पावणेदोन मीटरच्या वर! हात जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतात आणि आमचे छत साडेनऊ फुटांवर आहे, त्याच्याही खाली फूटभर पंखा लोंबतो. पाच चेंडू दिवाणखान्यात शिकता येणार नाहीत, हे एकही पिशवी न फेकता कागदावर कळले, आणि तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

तलावाकाठच्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला १९७३ च्या एका प्रयोगात सापडले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतील, चित्रे रंगवण्याची मुळातच हौस असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रंगांपाशी रमत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची हौस मात्र तशीच होती.

उत्सुकतेचा फायदा त्या विषयापुरताही राहत नाही. २०१४ मध्ये मॅथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी लोकांना प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत काही सेकंद थांबवले आणि त्या अवधीत मध्येच एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांबद्दल मनात कुतूहल होते, त्यांची उत्तरे तर नीट लक्षात राहिलीच, पण त्या वाट पाहण्यात दिसलेले चेहरेही, ज्यांचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, एक दिवसानंतर जास्त चांगले ओळखता आले. कुतूहल जागे असताना बक्षिसाच्या अपेक्षेने कार्यरत होणारे, डोपामिन या मेंदूतील रसायनाचे जाळे आणि हिप्पोकॅम्पस एकत्र काम करताना दिसले.

आईने आता दोन पिशव्या स्वतःकडे घेतल्या आहेत. उजव्या हाताने ती त्या सहज वीस वेळा उडवते, साठ वर्षांत हात विसरलेला नाही. एका हाताने शिकलेल्याचा काही भाग दुसऱ्या हाताला आयता मिळतो, हे स्विफ्टच्या काळापासून माहीत आहे. ते मी तिला सांगितल्यापासून दुपारचा चहा झाला की ती पलंगापाशी उभी राहून डाव्या हाताने मोजते. पहिल्या दिवशी चार झेल झाले होते आणि काल अकरा झाले.