डिझेल पिकअपमध्ये तोच बिघाड पुन्हा का येतो

ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग, नवा टाकला, तरी काही महिन्यांत फुटला. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करून आणला, तो परत भरला. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाचा कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेली बिघाडाची खूण, पुसला, आठवड्यात दिवा पुन्हा लागला. अमेरिकेत फोर्ड, शेव्हरोलेट, रॅम यांचे मोठे डिझेल पिकअप दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांत अशा तक्रारी वीस वर्षांपासून येत आहेत. त्यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट सतत दिसते. जो भाग फुटतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी भागाच्या दोषाचा मार खात असतो.

सुरुवात नियमांपासून झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2001 च्या जानेवारीत जड डिझेल इंजिनांसाठी नवी मर्यादा जाहीर केली. काजळीची अट 2007 पासून लागू होणार होती आणि नायट्रोजन ऑक्साइडची 2010 पर्यंत टप्प्याटप्प्याने. त्यासाठी आधी डिझेल बदलावे लागले. 500 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 500 भाग) चालणारे गंधक 2006 मध्ये 15 पीपीएमवर आणले गेले, कारण गंधक जास्त असले की धूर स्वच्छ करणारी पुढची उत्प्रेरके निकामी होतात.

पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचा पहिला मोठा धडा त्याआधीच मिळाला होता. 2003 मध्ये फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये 6.0 लिटरचे पॉवर स्ट्रोक इंजिन आले. ते बनवत होती नॅव्हिस्टार ही कंपनी. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्यासाठी त्यात ईजीआर कूलर होता. कूलंट आधी ऑइल कूलरमधून जाई आणि मग ईजीआर कूलरमध्ये. ऑइल कूलरच्या वाटा फार बारीक होत्या. ओतकामातली उरलेली वाळू आणि कूलंटमधून सुटलेला गाळ तिथे अडकायचा. मग पुढच्या ईजीआर कूलरला पुरेसे कूलंट मिळायचे नाही. तापलेल्या धुराने तो तडकायचा, कूलंट इंजिनात शिरायचे, आणि प्रकरण हेड गॅस्केटपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलपर्यंत, जायचे.

मेकॅनिकला दिसायचा तो फुटलेला ईजीआर कूलर. तो बदलून गाडी सोडली की तुंबलेला ऑइल कूलर तसाच राही, आणि नव्या कूलरचीही तीच गत होई. जाणत्या लोकांनी हळूहळू एक साधी चाचणी रूढ केली. इंजिन पुरते तापल्यावर गाडी हायवेवर एका वेगाने चालवायची आणि स्कॅनरवर तेलाचे व कूलंटचे तापमान शेजारी ठेवून पाहायचे. फरक 15 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 8 अंश सेल्सिअसच्या वर गेला की ऑइल कूलर तुंबलेला आहे. या चाचणीसाठी काहीही उघडावे लागत नाही. या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण ती फुटलेल्या भागाच्या मागे जाऊन बघते. वॉरंटीचा खर्च कोणी सोसायचा यावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार 2007 मध्ये कोर्टात गेले आणि 2009 मध्ये त्यांची तडजोड झाली.

2007 नंतर डीपीएफ आला आणि गुंता वाढला. फिल्टरमध्ये साठलेली काजळी साधारण 600 अंश सेल्सिअसला जाळून टाकायची असते. फोर्डच्या 6.4 लिटर इंजिनात त्यासाठी सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडले जाई. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून तेलात मिसळे. जनरल मोटर्सने 2011 च्या ड्युरामॅक्स इंजिनात यासाठी आठ सिलिंडरांच्या आठ इंजेक्टरांखेरीज धुराच्या पाइपवरच नववा इंजेक्टर बसवला. डीपीएफ वारंवार भरत असेल तर फिल्टरला हात लावण्याआधी गळका इंजेक्टर, टर्बोनंतर फाटलेला होज किंवा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह शोधायला हवा. इंजिन तापूच न देणारा थर्मोस्टॅटही कारण असू शकतो. शिवाय काजळी जळते, पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही. राखेने भरलेल्या फिल्टरला कितीही वेळा रिजन दिले, म्हणजे तापवून काजळी जाळली, तरी तो मोकळा होत नाही.

यानंतर डीईएफ आले, म्हणजे 32.5 टक्के युरियाचे पाणी. ते धुरात सोडले की त्यातून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकात नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी करतो. फोर्ड आणि जनरल मोटर्सने ते 2011 च्या पिकअपमध्ये घेतले. रॅमने 2007 पासून युरियाशिवाय काम भागवले होते, त्यांनी 2013 मध्ये घेतले. इथे एक फसवी गोष्ट आहे. धुरातला नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो. त्यामुळे युरिया गरजेपेक्षा जास्त पडला तरी ‘उत्प्रेरक काम करत नाही’ असाच कोड येऊ शकतो. तो कोड वाचून महागडे उत्प्रेरक बदलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आधी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाने, युरियाचे प्रमाण पाहावे, युरियाच्या इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे जमलेत का ते तपासावे, आणि मग उत्प्रेरकाच्या आधीच्या व नंतरच्या नॉक्स सेन्सरची तुलना करावी.

कोडची मर्यादा त्याच्या जन्मातच आहे. 1996 पासून अमेरिकी मोटारींवर सक्तीची झालेली ओबीडी, म्हणजे गाडीतच बसवलेली बिघाड ओळखणारी यंत्रणा, प्रदूषण मर्यादेबाहेर गेले का हे पकडण्यासाठी आखली होती. कुठला भाग कशामुळे बिघडला हे सांगणे तिचे मुख्य काम नव्हते.

वैतागलेल्या अनेक मालकांनी प्रदूषण रोखणारी यंत्रणाच काढून टाकली. ईपीएच्या 2020 च्या अहवालानुसार आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली ही साधने काढली गेली होती. त्यांचा त्रास खरा होता, पण तो धूर शेजारच्या मुलांच्या छातीत जातो आणि त्याला समर्थन नाही. दोष फक्त मालकांचाही नव्हता. रॅमच्या इंजिनांत प्रदूषण नियंत्रण चुकवणारे सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून ती इंजिने बनवणाऱ्या कमिन्सने 2023 च्या डिसेंबरमध्ये 1.675 अब्ज डॉलरचा दंड मान्य केला.

भारतात 1 एप्रिल 2020 ला बीएस-4 वरून थेट बीएस-6 आले, आणि डिझेलमधले गंधक 50 वरून 10 पीपीएमवर उतरले. अमेरिकेत टप्प्याटप्प्याने आलेली साधने इथल्या मेकॅनिकसमोर जवळपास एकदमच आली. दूध-भाजीच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे इंजिन रिजनपुरते तापतच नाही. म्हणून डीपीएफची तक्रार घेऊन आलेल्या चालकाला गाडी रोज किती आणि कशी धावते हे स्कॅनर लावण्याआधी विचारावे, आणि मागच्या वेळी कोणता कोड आला होता व काय बदलले होते ते जॉब कार्डावर लिहून ठेवावे.